वजन विचारायचं राहून गेलं, शेठ

मा. दोन-इंचवाले शेठ यांसी,



आपल्या दुकानातून माझी गाडी उंच होऊन बाहेर पडली, त्याला परवा अकरा महिने झाले. त्या दिवशी तुम्ही मला बॉनेटला टेकून उभं केलंत, फोटो काढलात आणि काउंटरमागच्या भिंतीवर लावलात. तो अजून तिथे असेल तर कृपा करून उतरवा. गाडी आता तशी दिसत नाही आणि मीही तसा हसत नाही.

रोज इतकी गिऱ्हाइकं येतात, तुम्हाला मी कुठला आठवायला! ओळख सांगतो. पांढरी जिम्नी, पाच दारांची. सोबत आई होती. तिला तुम्ही चहा पाजलात आणि म्हणालात, "आजी, आता बघा, गाडी कशी वाघासारखी उभी राहते." 'काका, टेन्शनच घेऊ नका' हे वाक्य तासाभरात ज्याला नऊ वेळा ऐकवलंत, तो मी. नऊच वेळा कशावरून, असं विचाराल. तीस वर्षं बँकेत काढली, मोजायची खोड हाडात मुरली आहे. ती सगळ्यांनाच असते असं धरून चाललो, ही माझी चूक.

माझ्या पदरचं पाप आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तुम्हाला ते शोधत बसायला नको. उंचीची हौस माझीच. आमचं गाव वेल्ह्याच्या पुढे. पाबे घाट उतरून डांबर संपलं की शेवटचा दीड किलोमीटर म्हणजे दोन चाकोऱ्या आणि मधे गोट्यांचा वरंबा. तिथे पोट घासायला नको, हे मी बायकोला दिलेलं कारण. खरं कारण असं, की सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारच्या जागेतली गाडी माझ्या गाडीकडे वरून बघायची. बाकी त्या दीड किलोमीटरवर जिम्नी एकदाही अडकली नव्हती. कंपनीनेच तिला २१० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स दिलेला आहे.

तर मी दुकानात आलो आणि तुम्ही विचारलंत, "किती इंच देऊ काका?"

मी म्हटलं, "कसं कसं असतं?"

"दीड आहे, दोन आहे, तीन आहे. दोन घ्या. सगळे दोनच घेतात."

शेठ, रद्दीवाला दारात आला तर आधी तागडी काढतो. तागडीत खोट असते, मान्य, पण तागडी असते. पिठाच्या गिरणीत डबा काट्यावर ठेवल्याशिवाय बटण दाबत नाहीत. आणि स्प्रिंगचा जन्मच वजन तोलून धरण्यासाठी. ती विकायला बसलेल्या तुम्ही ३५,००० रुपये मोजून घेतलेत, पण गाडीचं वजन विचारलं नाहीत. गाडीत किती जण बसतात, डिकीत काय असतं, पुढे विंच आहे का, लोखंडी बंपर आहे का, टपावर कॅरिअर आहे का, यातलं काही नाही. तुमचा प्रश्न एकच होता: लाल की पिवळी?

मी लाल म्हणालो.

दुसऱ्या दिवशी घरी टेप लावली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दुकानात येण्याच्या आदल्या रात्रीच मोजून ठेवलं होतं. (जमिनीपासून मोजू नये, टायरमधली हवा कमी-जास्त झाली की आकडा बदलतो. हे मलाही पेट्रोल पंपावरच्या हवावाल्या मुलाने शिकवलं.) मागची बाजू ७४ मिलिमीटर वर गेली होती. दोन इंच म्हणजे ५१. मी तुम्हाला फोन केला, "शेठ, दोन सांगितले होते, तीन आलेत." तुमचं उत्तर मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"काका, एक इंच फ्री!"

त्या फुकटच्या इंचावर पुढे येतो. आधी त्याच दिवशी गाडीखाली बॅटरी घेऊन झोपलो तेव्हा काय दिसलं ते सांगतो. जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड एक्सल आहेत, आणि गाडीचा जमिनीला सगळ्यात जवळचा भाग म्हणजे एक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा. स्प्रिंग बसते एक्सलच्या वर. ती कितीही लांब केली तरी वर जाते ती बॉडी. एक्सल चाकांना जोडलेला, तो आहे तिथेच राहतो. गोळा वर उचलायचा तर टायरच मोठा लागतो. मी गोळ्याखाली टेप धरली. लिफ्टच्या आधी २१०, लिफ्टनंतर २१०. गावच्या वरंब्यावर जो दगड गोळ्याला लागू शकत होता, तो आजही तितकाच लागू शकतो. मधल्या पोटाला थोडी जास्त हवा मिळाली, चढावर नाक टेकायचं कमी झालं, हे मान्य. पण ३५,००० रुपयांत प्रामुख्याने आमची डोकी आभाळाच्या तीन इंच जवळ गेली.

आईचं तर विचारूच नका. तिचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. तिच्यासाठी डिकीत एक निळं प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलं. ती वाघावर चढणार, मी स्टूल उचलून डिकीत टाकणार, उतरताना पुन्हा काढणार. देवळासमोर लोक थांबून बघायचे. आणि बसल्यावर? मागे ती एकटी असली की प्रत्येक स्पीडब्रेकरला अशी उडायची की तिने मागे बसून जप करणं सोडून दिलं. माळेतला मणी हातात राहत नाही म्हणाली. आरामात चालणारी गाडी सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वरखाली डुलते. आमची मागची बाजू सेकंदाला दोन वेळा उसळायला लागली. तुम्ही म्हणालात, "शॉकअप गॅसचे आहेत काका, सेट व्हायला वेळ लागतो." शॉकअप गॅसचे असोत नाहीतर आणखी कशाचे, वजन पेलणं हे त्यांचं काम नव्हे. स्प्रिंग उसळली की तिला शांत करणं, एवढंच त्यांचं काम. स्प्रिंग बदलून कडक केली तर शॉकअपही तिच्या जोडीचे लागतात. तुम्ही दिलेले नुसते लांब होते. तो लांबपणा पुढे भोवला.

मग नवले पुलाचा उतार. ताशी ७० च्या आसपास असेन. रस्त्याच्या सांध्यावर पुढची चाकं आदळली आणि स्टेअरिंगच्या अंगात आलं. डावी-उजवी, डावी-उजवी, दोन्ही हातांनी धरूनही थांबेना. ४० वर आणली तेव्हा थांबली. बायको काही बोलली नाही; नुसती खिडकीबाहेर बघत राहिली. त्या न बोलण्याचा हिशेब या पत्रात धरलेला नाही.

तुम्ही म्हणालात, अलाइनमेंट करून घ्या. अलाइनमेंटवाल्याने मशीन लावलं आणि मान हलवली. पुढची बॉडी वर गेली की एक्सलला धरून ठेवणाऱ्या दांड्या तिरप्या होतात, आणि त्यांच्यासोबत एक्सल स्वतःभोवती थोडा फिरतो. मग कॅस्टरचा कोन कमी होतो. सायकलचा पुढचा चिमटा थोडा पुढे कललेला असतो, म्हणून हात सोडला तरी सायकल सरळ जाते. तोच चिमटा उभा केला तर काय होईल? तेच माझ्या गाडीचं झालं होतं. शिवाय एक्सलला आडवा धरणारा पॅनहार्ड रॉड. त्याची लांबी ठरलेली, एक टोक बॉडीला, एक एक्सलला. बॉडी वर गेली की तो एक्सलला एका बाजूला ओढतो. "ह्या गाडीत कॅस्टर मशीनवर ॲडजस्ट होत नाही," अलाइनमेंटवाला म्हणाला. "वेगळे बुश घालावे लागतात. लिफ्ट करणाऱ्याने सांगितलं नाही?" मी म्हटलं, त्यांनी रंग विचारला होता.

आता तुमच्या खऱ्या कलाकृतीकडे वळू.

मी तक्रार घेऊन आलो: गाडी फार उंच आहे आणि फार कडक आहे. तुम्ही म्हणालात, "एवढंच ना? खाली करून देतो." आणि छोट्याला हाक मारलीत. छोट्याने मागच्या दोन्ही स्प्रिंगा काढल्या आणि ग्राइंडरने प्रत्येकीचा एकेक वेढा कापला. कापलेले तुकडे डिकीत टाकले, "जुना माल साहेबांना द्यायचा असतो." मी बाजूला उभा राहून ठिणग्या बघत होतो आणि मला वाटत होतं, वा, काय हात आहे.

शेठ, कॉइल स्प्रिंग म्हणजे दुसरं काही नसून पीळ घातलेली सळई असते. सळई जितकी लांब, तितकी ती सहज पिळली जाते. वेढा कापला की सळई आखूड झाली, म्हणजे ताठ झाली. सात कामाच्या वेढ्यांतला एक कापला तर कडकपणा सातास सहा या हिशेबाने सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे मी म्हणालो गाडी कडक आहे, आणि तुम्ही ती आणखी कडक करून दिलीत, वर फिटिंगचे ८०० रुपये घेतलेत. पोटात दुखतं म्हणून गेलेल्याला वैद्याने मिरची चावायला द्यावी आणि वर म्हणावं, आता पोट विसराल. आणि खरंच, मी विसरलो. कारण मग पुढचं दुखणं सुरू झालं.

पुढच्या स्प्रिंगा तुम्ही कापल्या नाहीत. 'पुढे कापायचं नसतं' असं तुम्ही गंभीर चेहऱ्याने सांगितलंत, तेव्हा मला तुमच्याबद्दल आदर वाटला. कापण्याऐवजी तुम्ही गॅस पेटवलात आणि गाडीखालीच, स्प्रिंग जागेवर असताना, दोन वेढे लालभडक होईपर्यंत शेकलेत. गाडी हळूहळू बसली. तुम्ही म्हणालात, "बघा काका, लोणी!"

लोणीच. दसऱ्यापर्यंत पुढची डावी बाजू उजवीपेक्षा १८ मिलिमीटर खाली आली होती. बहुधा डावीला आच जरा जास्त लागली असावी. गाडी पार्किंगमध्ये अशी उभी राहायची, जशी एका खांद्यावर पिशवी घेतलेली बाई.

आणि मग तो लांबपणा. गावच्या चाकोरीत मागचं डावं चाक खड्ड्यात उतरलं, लांब शॉकअपमुळे एक्सल पूर्वीपेक्षा जास्त खाली गेला, आणि कापून आखूड केलेली स्प्रिंग काही तेवढी लांब उरली नव्हती. खणकन आवाज आला. उतरून वाकून बघतो तर स्प्रिंग आपली बैठक सोडून तिरकी, एखाद्याचा दात हलावा तशी लोंबकळत होती. तिचं कापलेलं टोक बैठकीच्या खोबणीत बसत नव्हतंच. शेजारी ब्रेकचा रबरी पाइप सतारीच्या तारेसारखा ताणलेला. मी जॅक लावला, स्प्रिंग पायाने रेटून जागेवर बसवली, आणि वीस किलोमीटर वेगाने घाट चढलो. आई मागे जप करत होती. त्या दिवशी माळ हातातून सुटली नाही.

पहिल्यांदा शहाणपण कुठे भेटलं सांगू? नाना पेठेत, ट्रकचे पाटे विकणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे. त्याने पुढची स्प्रिंग बघितली, ती जिथे निळसर-तपकिरी झाली होती तिथे अंगठा फिरवला, आणि म्हणाला, "ह्याचं पाणी उतरवलंय कुणीतरी."

पाणी. शेठ, तुमच्या-माझ्या गावच्या लोहारालासुद्धा कळणारा शब्द आहे हा. ट्रकच्या जुन्या पाट्याचा कोयता सगळ्यात टिकाऊ, असं म्हणतात ते उगाच नाही. पाट्याचं पोलाद मुळात जातिवंत असतं. पण लोहार तो कोयता घडवला की पाणी दिल्याशिवाय हातात देत नाही. पाणी गेलं की तेच पोलाद, तीच जाडी, पण दाबलं की दबतं आणि पुन्हा उठत नाही. तुम्ही चार मिनिटांत एका स्प्रिंगला तिचं मूळचं पोलादपण विसरायला लावलंत. "कॉइल आमचं काम नाही," म्हातारा म्हणाला. "भोसरीला जा."

भोसरीत एका शेडमध्ये एक गृहस्थ बसतात. चाळण्यांच्या, प्रेसच्या, कसकसल्या मशीनच्या स्प्रिंगा बनवतात, सांगितलं तर गाडीच्याही. मी तुमची कहाणी सांगायला सुरुवात केली. त्यांनी हात वर करून थांबवलं आणि विचारलं,

"वजन किती?"

मला त्या क्षणी तुमची फार आठवण आली.

मी म्हटलं, कंपनीच्या पुस्तकात रिकाम्या गाडीचं वजन १,२०० किलोच्या आसपास दिलंय. म्हणाले, "पुस्तकातलं नको. काट्यावरचं आणा. दोनदा. रोज जशी चालवता तशी, आणि जास्तीत जास्त भरून. पुढचा एक्सल वेगळा."

म्हणून एका शनिवारी सकाळी, वाळूच्या डंपरांच्या रांगेत, आमची जिम्नी. काट्यावरच्या पोराने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काका, साठ टनी काटा आहे हा. ह्याच्यावर हे?" मी म्हटलं, "हेच." आधी फक्त पुढची चाकं पत्र्यावर: ६७०. मग सगळी गाडी: १,२७०. म्हणजे मागे ६००. मग बाहेर जाऊन बायको, आई, मुलगा आणि गावचा इंद्रायणी तांदूळ, साठ किलो, सगळं भरून परत. आई म्हणाली, "माझं वजन कशाला?" पुढे ७१०, सगळं मिळून १,५१०, मागे ८००. पोराने पावतीवर 'मालाचं नाव' या रकान्यात बराच विचार करून 'फॅमिली' असं लिहिलं. १५० रुपये घेतले. शेठ, तुमच्या पस्तीस हजारांत न मिळालेली माहिती दीडशे रुपयांत मिळते, आणि वर पावती.

मग त्या गृहस्थांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडला. एक्सल, चाकं, ब्रेक मिळून मागे अंदाजे शंभर किलो. ते स्प्रिंगच्या खालीच असतं, त्याचा भार स्प्रिंगवर येत नाही. ते वजा केलं तर रिकाम्या गाडीत मागच्या प्रत्येक स्प्रिंगवर २५० किलो, भरलेल्या गाडीत ३५०. त्यानंतर त्यांनी तुमची लाल स्प्रिंग टेबलावर घेतली, खिशातून चाकू काढला आणि एके ठिकाणचा रंग खरवडला. मी म्हटलं, रंग कशाला काढता? म्हणाले, "रंगाची जाडी मोजली तर हिशेब पाच-सहा टक्के चुकतो." उघड्या पोलादावर व्हर्नियर लावला. १४ मिलिमीटर.

गंमत अशी आहे की कॉइल स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. जाडी दुप्पट, तर कडकपणा सोळापट. वेढ्याचा व्यास वाढवला तर कडकपणा घटतो, तोही तिसऱ्या घातात. वेढे वाढवले तर त्याच्या व्यस्त प्रमाणात घटतो. एवढाच पसारा. तुमच्या स्प्रिंगेच्या वेढ्याचा व्यास तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंत ११० मिलिमीटर, कापण्यापूर्वीचे कामाचे वेढे सात. त्यावरून एक मिलिमीटर दाबायला ४.१ किलो. तीच स्प्रिंग १३ मिलिमीटर तारेची केली तर ३.१ किलोसुद्धा नाही. तार एक मिलिमीटरने बारीक, म्हणजे डोळ्याला कळणारही नाही. आणि आईची जपमाळ नेमकी त्या एका मिलिमीटरमध्ये अडकलेली.

आता तुमच्या फुकटच्या इंचाचा उलगडा. लाल स्प्रिंगेचं खोकं माझ्या माळ्यावर होतं. त्यावरच्या चिठ्ठीत, वाचायला भिंग लागेल अशा अक्षरात, लिहिलं होतं की मागे सतत २०० किलो जादा भार असणाऱ्या गाडीसाठी ही स्प्रिंग. टपावर तंबू, मागे पाण्याची टाकी, फ्रिज, आणि महिनाभर वाळवंटात. तशा गाडीला ती बरोबर दोन इंच उचलते. ऑस्ट्रेलियातल्या ओल्ड मॅन एमूच्या कॅटलॉगात एकाच गाडीसाठी भारानुसार निरनिराळ्या स्प्रिंगा दिलेल्या असतात, ते यासाठीच. स्प्रिंग बनवणाऱ्याने आपलं काम चोख केलं होतं. फक्त चिठ्ठी तुम्ही वाचली नाहीत. माझ्या डिकीत ते दोनशे किलो नव्हते. प्रत्येक स्प्रिंगवर शंभर किलो कमी, भागिले ४.१, उत्तर २४ मिलिमीटर. हा तुमचा फ्री इंच. तो मला तुम्ही दिला नव्हतात शेठ, न आलेल्या तंबूने दिला होता.

रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज गृहस्थाने हा नियम, की जितका भार तितका ताण, १६७६ साली छापला तेव्हा कुणी चोरू नये म्हणून अक्षरं उलटसुलट करून कोड्यात छापला. दोन वर्षांनी, १६७८ साली, स्वतःच कोडं फोडलं. तुमच्या दुकानापर्यंत बहुधा १६७६ चाच अंक आलेला दिसतो.

त्या गृहस्थांनी शेवटी विचारलं, "कोणत्या वजनाला कोणती उंची हवी?" शेठ, उंची विचारायची ती अशी. वजन न सांगता सांगितलेला इंच म्हणजे पत्ता न लिहिलेलं पाकीट. मी म्हटलं, घरची माणसं आणि तांदूळ भरल्यावर गाडीचं ढुंगण खाली बसू नये, बाकी कंपनीने दिली तेवढीच उंची पुरे. पुढच्या बाजूला काही बनवायलाच त्यांनी नकार दिला. "तुमच्या पुढे काही वाढलेलं नाही. कंपनीच्या नव्या आणून घाला." हातचं गिऱ्हाईक असं परत पाठवणारा दुकानदार मी पुण्यात फार वर्षांनी पाहिला.

मागच्या दोन मात्र माझ्यासमोर बनल्या. क्रोम-व्हॅनेडियमची १३ मिलिमीटरची सळई भट्टीतून केशरी होऊन बाहेर येते, गोल दांड्याभोवती काही सेकंदांत साडेआठ वेढे घेते, आणि लगेच तेलात. फस्स असा आवाज, धूर, आणि शेडभर जळक्या तेलाचा वास. ते झालं पाणी. पण नुसतं पाणी दिलेली स्प्रिंग काचेसारखी कडक आणि ठिसूळ असते, म्हणून पुन्हा कमी आचेच्या भट्टीत, सुमारे साडेचारशे अंशांवर, सावकाश. मग तिच्यावर छर्‍यांचा मारा, म्हणजे पृष्ठभाग दबून घट्ट होतो आणि चिरा पडायला जागा राहत नाही. सगळ्यात शेवटी ती प्रेसमध्ये घालून वेढ्याला वेढा टेकेपर्यंत दाबली. पहिल्या दाबाला चार मिलिमीटर उतरली. दुसऱ्या दाबाला जराही नाही, तिसऱ्याला नाही. "आता जे बसायचं ते इथेच बसलं," ते म्हणाले, "तुमच्या पार्किंगमध्ये बसणार नाही." साडेआठ वेढे गुणिले तेरा, म्हणजे पूर्ण मिटल्यावर ११० मिलिमीटर, गाडीचा बंपस्टॉप त्याच्या बऱ्याच आधी लागतो, हेही त्यांनी टेप लावून पाहिलं. मग काट्याखाली ठेवून २५० किलोला किती, ३५० ला किती, ते खडूने स्प्रिंगवर लिहिलं. कागदावरच्या हिशेबात आणि खडूच्या आकड्यात दोन मिलिमीटरचा फरक होता. त्याबद्दल त्यांनी माफी मागितली. कुणी माझी माफी मागावी याची सवय मला इतकी उरली नव्हती की मीच 'सॉरी' म्हणालो.

कायद्याचं एक सांगायचं राहिलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ बद्दल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे, की उत्पादकाने मूळ ठरवून दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद लावली. तुमच्या बिलावर 'सर्व्हिस चार्ज' एवढंच लिहिलंय, त्याचं कौतुक मला आता वाटतं. बिल लिहिण्यापुरती तरी तुमची नजर अगदी व्हर्नियरसारखी.

पैसे परत मागायला हे पत्र नाही. फक्त एक चौकशी. माझ्या मूळच्या चार स्प्रिंगा तुम्ही 'जपून ठेवतो' म्हणाला होतात. मागच्या महिन्यात विचारलं तेव्हा छोट्या म्हणाला, भंगारात गेल्या. भंगारवाल्याने त्या किलोवर घेतल्या असणार. म्हणजे तुमच्या दुकानात काटा निघाला होता, शेठ. फक्त माल बाहेर जाताना. त्या पावतीची एक प्रत मिळाली तर बरं, फाइलला लावायची आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
फ्री इंचवाला गिऱ्हाईक

ता. क. छोट्याने डिकीत टाकलेले कापलेले दोन वेढे मी गावी नेले. लोहाराने त्यातला एक उचलला, उलटा-सुलटा केला, तळहातावर तोलला. "चारशे गरम भरंल," म्हणाला. घरी येऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर दुसरा ठेवला: ४१५. एकाचा विळा झालाय, दुसऱ्याची दोन खुरपी होतील. आईने विळ्याला हळद-कुंकू लावलं आणि दुसऱ्या वेढ्याकडे बघून विचारलं, हे लाल कशाने झालंय? मी म्हटलं, रंग माझा मीच निवडला होता.